विशेष विद्यार्थ्यांसाठीचा साक्षरता व जीवनकौशल्य कृतिसंच : वर्षभराच्या वापरानंतरचा अनुभव

नाशिकमधील आमच्या विशेष शाळेत बौद्धिक अक्षमता आणि स्वमग्नता असलेल्या १० ते १६ वयोगटातील विद्यार्थ्यांसाठी जूनमध्ये एक कृतिसंच घेतला. त्यात खरकागदाची अक्षरे, वेल्क्रोवर लावायच्या शब्दपट्ट्या, बटण, चेन आणि नाडीच्या चौकटी, कामाच्या पायऱ्या दाखवणारी चित्रकार्डे आणि खेळण्यातले पैसे आहेत. संच घ्यावा का, असे अनेक पालक विचारतात. शब्दपट्ट्यांसाठी जरूर घ्यावा, पैशांच्या डब्यासाठी मुळीच घेऊ नये, आणि चौकटींबद्दल थोडे सविस्तर सांगावे लागेल.

सर्वाधिक उपयोग शब्दपट्ट्यांचा झाला. ‘थांबा’, ‘धोका’, ‘स्त्रिया’, ‘पुरुष’, ‘औषध’ असे शब्द अक्षरे न फोडता, पूर्ण शब्द म्हणून ओळखायला शिकवता येतात. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ नुसार मोफत शिक्षणाचा हक्क वयाच्या १८ व्या वर्षापर्यंत आहे. हाताशी उरलेली वर्षे मोजकी असताना चौदा-पंधरा वर्षांच्या मुलाला पुन्हा बाराखडीच्या पहिल्या ओळीवर बसवणे मला अन्यायाचे वाटते. संचातील कोऱ्या पट्ट्यांवर आम्ही निमाणी, सातपूर, नाशिकरोड, नांदूर अशी बसच्या पाट्यांवरची नावे लिहिली. आधी सारख्या पट्ट्यांची जोडी लावणे, मग सांगितलेली पट्टी उचलणे आणि शेवटी स्वतः वाचणे, असा क्रम ठेवला. एक विद्यार्थिनी फक्त पहिले अक्षर पाहून ‘नांदूर’ऐवजी ‘नाशिकरोड’ उचलत असे. दोन्ही पट्ट्या एकाखाली एक ठेवून तिचे बोट दुसऱ्या अक्षरावर टेकवल्यावर ती थबकू लागली, मग स्वतःच बोट सरकवू लागली. पुढे थांब्यावर नेल्यावर समोरून येणाऱ्या बसची पाटी तिने ‘निमाणी’ अशी मोठ्याने वाचली, तेव्हा तिच्या आईने ती पट्टी घरी नेण्यासाठी मागून घेतली.

खरकागदी अक्षरांची पद्धत मारिया माँटेसरी यांची. त्यांचे सुरुवातीचे काम रोममध्ये बौद्धिक अक्षमता असलेल्या मुलांबरोबरच झाले होते. घ आणि ध, भ आणि म यांतला फरक बोट फिरवल्यावर मुलांच्या लवकर लक्षात येतो. मात्र स्पर्शाबाबत अतिसंवेदनशील असलेली मुले खरखरीत कागदावरून हात मागे घेतात. त्यांच्यासाठी आम्ही तीच अक्षरे मखमली कापडाची करून घेतली.

चौकटींचे काम चांगले आहे, पण मेजावर ठेवलेल्या चौकटीवर बटणे सफाईने लावणारा मुलगा अंगातल्या सदऱ्याशी अडतो, कारण स्वतःच्या सदऱ्याची बटणे त्याला वरून आणि उलट बाजूने दिसतात. म्हणून चौकटीला नाड्या शिवून ती मुलाच्या छातीवर बांधावी. शिकवताना शेवटच्या पायरीपासून मागे यावे: शिक्षकाने बटण अर्धे काजात घालावे आणि मुलाने ते पलीकडून ओढून घ्यावे. काम पूर्ण केल्याचा आनंद त्याला प्रत्येक वेळी मिळतो. ओढणे जमले की बटण काजात ढकलणेही त्याच्याकडे द्यावे.

चित्रकार्डांचा आकार आणि मांडणी नेटकी आहे, पण न्याहारी म्हणून दुधातल्या कॉर्नफ्लेक्सचे चित्र आमच्या मुलांच्या घरी कोणाच्या ओळखीचे? त्याऐवजी शाळेच्याच स्वयंपाकघरात लिंबू सरबताच्या पायऱ्यांचे फोटो काढून कार्डे बनवली. चित्रातला पेला आणि समोरचा पेला एकच असल्यामुळे कमी बोलणारी मुलेही न विचारता पुढच्या पायरीला जातात.

पैशांचा डबा निराशाजनक आहे. प्लॅस्टिकची सगळी नाणी एकाच मापाची आणि वजनाची आहेत. प्रत्यक्षात १ आणि २ रुपयांची पोलादी नाणी रंगाने सारखी असल्याने त्यांतच गोंधळ होतो, तर २० रुपयांचे नाणे त्याच्या बारा कडांमुळे बोटांना ओळखू येते. हा स्पर्श खेळण्यातल्या नाण्यांत नाही. नोटांचे रंगही चुकलेले आहेत. १०० ची जांभळट आणि २०० ची पिवळी नोट मुले रंगावरूनच ओळखतात. आम्ही खरी नाणी वापरतो आणि शाळेजवळच्या दुकानातून कोथिंबिरीची जुडी किंवा बिस्किटाचा पुडा आणायला लावतो.

टिकाऊपणा मध्यम आहे. पावसाळ्यात लॅमिनेशनच्या कडा सुटल्या आणि वेल्क्रोचा गोंद निघाला. वेल्क्रो कापडावर शिवून घेतल्यावर तक्रार उरली नाही. घरी वापरणाऱ्या पालकांनी आधी फक्त शब्दपट्ट्या आणि बटणांची चौकट घ्यावी. वस्तू तोंडात घालण्याची सवय असलेल्या मुलाच्या हाती सुटी नाणी आणि लहान बटणे मोठ्या माणसाच्या देखरेखीशिवाय कधीही देऊ नयेत. संचाच्या खोक्यावर तशी सूचना दिलेली नाही आणि ती असायला हवी होती.