बेळगावकडच्या खानापूर भागातलं मोठ्या मुलांचं डे सेंटर, आमचा वर्षाचा अनुभव

माझा भाऊ 34 वर्षांचा, बौद्धिक अपंगत्व आहे, शाळा सुटल्यापासून नुसता कट्ट्यावर बसून असायचा. वर्ष झालं या सेंटरला जातोय आणि खरंच सांगते, पोरगा बदललाय. तिथल्या ताई आधी घरी येऊन त्याला काय काय जमतं ते बघून गेल्या, मग म्हणाल्या डेअरीला दूध घालायला ह्यालाच पाठवा, आणि पंधरा दिवस स्वतः बरोबर चालत गेल्या. आता किटली घेऊन एकटा जातोय, चिठ्ठी घडी घालून खिशात आणतोय आणि फक्त आईच्याच हातात देतोय, मी मागितली तरी देत नाही!

निरामय विम्याचा (बौद्धिक अपंगत्व वगैरे असणाऱ्यांसाठीचा सरकारी आरोग्य विमा) फॉर्मपण त्यांनीच भरला, 1 लाखापर्यंतचा आहे, घरात असं कुणी असेल तर काढून घ्याच.

अडचण एकच, पावसाळ्यात व्हॅन फाट्यापर्यंतच येते, पुढं चिखल. आणि कागदं सगळी कन्नडात, आईला वाचता येत नाहीत, मराठीत एक प्रत द्या की.

राहायची सोय नाही अजून. आईनंतर काय, ह्या विचारानं मला झोप लागत नाही. त्याच्या कायदेशीर पालकत्वासाठी डीसींच्या, म्हणजे जिल्हाधिकाऱ्यांच्या, समितीकडं अर्ज करायचा असतो हेपण ताईंनीच सांगितलं, आता कागदं गोळा करतेय.