फोर्टातलं नाण्यांचं दुकान आणि माझा अंकुशी रुपया

चार स्टार देतोय. पाचवा का कापला ते शेवटी सांगतो.

मागच्या दिवाळीत मी फूटपाथवरून एक 'महाराजांचा चांदीचा रुपया' घेतला होता, पंधराशेला. एका बाजूला 'श्री राजा शिव', दुसऱ्या बाजूला 'छत्रपति', अक्षरं अशी ठसठशीत की जणू कालच पाडलाय (पाडलाच होता बहुतेक). घरी आईने देव्हाऱ्यात ठेवून हळदकुंकूपण वाहिलं. तो दाखवायला म्हणून मी ह्या दुकानात गेलो, फ्लोरा फाउंटनपासून चालत पाच मिनिटं, जुन्या बिल्डिंगचा पहिला मजला, लाकडी जिना करकरतो, बोर्ड एवढुसा की मी दोनदा पुढे निघून गेलो.

दुकानातले काका साठीच्या पुढचे. नाणं हातात घेतलं, काठ नखाने चाचपला आणि म्हणाले, "किती दिले ते सांगू नका, मला वाईट वाटेल." मग बारका डिजिटल काटा काढला. हवेत ९.४ ग्रॅम, दोऱ्याने टांगून पाण्यात बुडवलं तर ८.३. हा १.१ चा फरक म्हणजे तेवढ्याच आकाराच्या पाण्याचं वजन, त्याने ९.४ ला भागायचं. चांदी पाण्याच्या साडेदहापट जड असते, हे जेमतेम साडेआठपट भरलं, म्हणजे चांदी नाहीच, नुसता मुलामा. आणि काठावर साच्याची बारीक रेघ पण होती, म्हणजे ठशाने न पाडता साच्यात ओतलेलं, ती रेघ मला इतके महिने दिसली नव्हती. वर म्हणाले, "मजकूर बरोबर आहे हो, पण तो तांब्याच्या शिवराईवरचा. महाराजांचा होन सोन्याचा, शिवराई तांब्याची. हा चांदीचा कुठनं आणला?"

इथे दुसरा कोणी असता तर लगेच काहीतरी गळ्यात मारलं असतं. काकांनी ट्रे काढला आणि अर्धा तास नुसतं दाखवत बसले. मी म्हटलं मराठ्यांचा चांदीचा रुपया बघायचाय, तर त्यांनी एक जाडसर, ओबडधोबड गोल तुकडा पुढे केला, वर सगळी फारसी! मला वाटलं चुकून मुघलांचा दिला. तर नाही, हा पेशवाईतला पुण्याच्या टांकसाळीचा अंकुशी रुपया, नाव दिल्लीच्या शाह आलम बादशहाचं आणि गावाचं नाव मुहियाबाद पुणे, कारण औरंगजेबाने पुण्याचं नाव मुहियाबाद ठेवलं होतं. ज्या शाह आलमला १७७२ मध्ये महादजी शिंद्यांनी दिल्लीत नेऊन गादीवर बसवला, त्याच्याच नावाने इकडे आपले रुपये पडत होते. बाजाराला ओळखीचं रूप आणि वजन हवं होतं, ते बदललं तर सराफ बट्टा कापणार, म्हणजे रुपयाची किंमत कमी धरणार. आपण 'नावाला बट्टा लागला' म्हणतो ना, तोच बट्टा, हे मला चाळिसाव्या वर्षी ह्या दुकानात कळलं.

मग आपलं काय त्यात? तर एक छोटासा अंकुश, माहुताच्या हातातला असतो तसा. लोकांना फारसी कुठे वाचता येत होती, ते खुणेवरून ओळखायचे आणि तेच नाव पडलं. ठसा नाण्यापेक्षा मोठा असायचा म्हणून कुठल्याच रुपयावर अख्खा मजकूर उमटत नाही, माझ्यावर 'मुहियाबाद' अर्धं कापलंय पण अंकुश पूर्ण आहे. हो, घेतला मी, २८०० ला. घ्यायच्या आधी मीच हट्टाने काट्यावर ठेवायला लावला, हवेत ११.२, पाण्यात १०.१, म्हणजे दहापटीच्या वर. काका हसले, शिकलात म्हणाले.

वर दोन-तीन खड्डे आहेत, मला वाटलं खराब माल. ते जुन्या सराफांनी चांदी खरी का बघायला ठोकलेल्या खुणा निघाल्या, त्याने किंमत थोडी उतरते, मला तर उलट आवडल्या. घरी रांगोळीने घासू का विचारलं तर काकांनी हातच जोडले. काळपटपणा घालवला की नाण्याची किंमत गेली, चिंच-लिंबू-टूथपेस्ट काही नको, प्लास्टिकच्या होल्डरमध्ये ठेवायचं आणि काठाला धरायचं. (आईला हे अजून पटलेलं नाही.)

न्यू जर्सीच्या चुलतभावासाठी एक घेऊन पाठवावा असं डोक्यात होतं, त्यावर स्पष्ट नाही म्हणाले. शंभर वर्षांपेक्षा जुनं नाणं म्हणजे १९७२ च्या कायद्याने पुरावस्तू, असं देशाबाहेर पाठवता येत नाही. गिऱ्हाईक गेलं तरी चालेल पण हे नको, म्हणाले. बिल व्यवस्थित दिलं, त्यावर नाण्याचं वर्णन आणि वजन पण लिहिलं.

आता तक्रार. एकाही नाण्यावर किंमत लिहिलेली नाही, प्रत्येक वेळी विचारायचं आणि तोंड बघून सांगतायत का अशी शंका येते. दीड ते तीन दुकान बंद, हे कुठेच लिहिलेलं नाही, मी उन्हात जिन्यावर बसलो होतो. आणि मुख्य म्हणजे चांदवडच्या टांकसाळीचा एक सुंदर चांदोरी रुपया होता, पगार झाला की नेतो म्हटलं, काका म्हणाले ठेवतो बाजूला. एक तारखेला गेलो तर विकलेला, जुनं गिऱ्हाईक आलं म्हणे. सॉरी म्हणाले, चहा पाजला, पण स्टार कापला तो कापला. पुढच्या वेळी शंभर रुपये का होईना, ॲडव्हान्स ठेवून येणार.