हिवाळ्यातले आंघोळीचे पाणी : बंब की गॅस गिझर?

दिवाळी उलटली की मराठवाड्यात पहाटेचा गारठा वाढू लागतो, आणि ज्या घरांत लहान मुले व वृद्ध माणसे आहेत तेथे आंघोळीच्या पाण्याची सोय नव्याने करावी का, हा विषय निघतो. आमच्या परभणी जिल्ह्यात हा विषय हौसेचा नाही. दुपारी ऊन चांगले लागत असले तरी पहाट फार गार असते. डिसेंबर २०१८ मध्ये परभणीच्या कृषी विद्यापीठाच्या परिसरात पारा ५ अंशांच्याही खाली उतरला होता. अशा दिवसांत सकाळी सातच्या शाळेला जाणाऱ्या मुलाला आणि सत्तरी ओलांडलेल्या आईला ऊन पाणी वेळेवर मिळणे ही घरातल्या सर्वांच्या प्रकृतीशी जोडलेली बाब आहे. मी आमच्या घरी बंब, म्हणजे मधल्या नळीत जाळ करून भोवतालचे पाणी तापवायचे भांडे, आणि गॅस गिझर हे दोन्ही वापरले आहेत. म्हणून या दोहोंपैकी एकाची निवड करू पाहणाऱ्या, आणि महिन्याचा खर्च जपून करणाऱ्या कुटुंबासाठी हे लिहीत आहे.

विजेचा गिझर आणि सौर बंब यांविषयी थोडक्यात सांगून पुढे जातो. विजेचा साठवणीचा गिझर सोयीचा आहे, पण पाच-सहा माणसांच्या घरात तो सकाळभर चालू राहतो आणि त्याचा परिणाम बिलावर दिसतो. शिवाय वीज गेली की सगळे थांबते. बादलीत सोडायची कॉइल स्वस्त आहे, तथापि ओल्या न्हाणीत मुले वावरत असताना ती मला कधीच सुरक्षित वाटलेली नाही. सौर यंत्रणा स्वतःचे घर आणि सुरुवातीची रक्कम असलेल्यांना निश्चित परवडते. तिच्यात अडचण एवढीच की, गच्चीवरून न्हाणीपर्यंतच्या पाइपात रात्रभर गार झालेले पाणी आधी सोडून द्यावे लागते, आणि जेथे नळाला काही दिवसांआड पाणी येते तेथे ते दररोज आठवणीने बादलीत धरून ठेवावे लागते.

आता मूळ मुद्द्याकडे येतो. गॅस गिझरच्या बाजूने बोलण्यासारखे पुष्कळ आहे. धूर नाही, राख नाही, पहाटे उठून जाळ करण्याची गरज नाही. नळ उघडला की ज्योत पेटते आणि हवे तेवढेच पाणी तापते. नोकरीसाठी पहाटेची गाडी पकडणाऱ्या माणसाला याचे मोल निराळे सांगावे लागत नाही. खर्चाच्या दृष्टीनेही तो वाटतो तितका महाग नाही, कारण साठवलेले पाणी पुन्हा पुन्हा तापवावे लागत नाही. आमच्या घरी मात्र स्वयंपाकाचा आणि गिझरचा सिलिंडर एकच असल्यामुळे थंडीच्या महिन्यांत तो नेहमीपेक्षा बराच लवकर संपत असे. आम्ही याचा हिशेब लिहून ठेवलेला नाही. पण नवीन सिलिंडरची नोंदणी करण्याची घाई हिवाळ्यातच होत असे, हे घरातल्या सर्वांना आठवते.

मला गॅस गिझरपासून दूर नेले ते एका लहानशा दिसणाऱ्या त्रासाने, आणि तो म्हणजे मध्येच विझणारी ज्योत. या गिझरची ज्योत पाण्याच्या दाबावर पेटते आणि दाब कमी झाला की आपोआप विझते. सुरक्षिततेसाठी तशी रचना आवश्यकच आहे. परंतु आमच्यासारख्या एकमजली घरात टाकी न्हाणीच्या छतावरच, नळापासून फार तर आठ-दहा फूट उंच असते, त्यामुळे दाब मुळातच बेताचा असतो. स्वयंपाकघरात कोणी दुसरा नळ उघडला किंवा टाकीतले पाणी खाली गेले की ज्योत विझते आणि बादलीत गार धार पडू लागते. मोठ्या माणसाला त्याचे काही वाटत नाही. मात्र साबण लावलेले मूल पहाटेच्या वाऱ्यात कुडकुडत उभे आहे, बादलीतले पाणी कोमटाचे गार झाले आहे आणि आपण नळ पुन्हा पुन्हा बंद-चालू करीत आहोत, हा प्रसंग हिवाळ्यात वारंवार आला की त्या यंत्रावरचा भरवसा उडतो. आईने तर त्या भीतीने एक दिवसाआड आंघोळ करायला सुरुवात केली होती.

यात आमच्या बोअरच्या पाण्याने भर घातली. आपल्याकडच्या काळ्या खडकातून उपसलेले पाणी बहुधा क्षारांचे असते आणि ते तापले की भांड्याला आतून पांढरा थर धरते. गिझरमध्ये पाणी तांब्याच्या बारीक नळीतून फिरत तापते. त्या नळीत थर चढला की वाट अरुंद होते, धार मंदावते आणि धार मंदावली की ज्योत अधिकच वेळा विझते. कारागिराकडून नळी साफ करून घेता येते, आणि ती केल्यानंतर काही काळ गिझर उत्तम चालतो, हेही मान्य केले पाहिजे. ज्यांच्याकडे धरणाचे गोडे पाणी येते आणि टाकी दुसऱ्या मजल्याच्या वर आहे, त्यांना हा त्रास कदाचित जाणवणारही नाही.

बंबाची गोष्ट वेगळी आहे. त्याला दाब लागत नाही, वीज लागत नाही. जुन्या धाटणीच्या बंबात जितके गार पाणी ओतावे तितके ऊन पाणी तोटीतून बाहेर येते, त्यामुळे पिंपात भरून ठेवलेले पाणीही चालते आणि एक तांब्यासुद्धा वाया जात नाही. विसण घालून घंगाळ किंवा बादली एकदा तयार केली की आंघोळ संपेपर्यंत पाणी एकसारखे राहते. जाळ ओसरल्यावरही मधल्या नळीतले निखारे बराच वेळ पाणी ऊन ठेवतात. आमच्याकडे मुले शाळेत गेल्यावर आईची आंघोळ आणि त्यानंतरची भांडीही त्याच पाण्यात होतात.

इंधनाचा प्रश्न शेताशी संबंध असलेल्या घरांना तितका जड नाही. आपल्याकडे तूर आणि कापूस दोन्ही होत असल्याने तुराट्या आणि पऱ्हाट्या जवळपास प्रत्येक शिवारात असतात. बारीक सरपण बंबाच्या नळीला फार मानवते. ते झटकन पेटते, आणि शेवटी बाभळीचे एखादे लाकूड सारले की काम भागते. पऱ्हाटीबाबत आणखी एक गोष्ट लक्षात घेण्याजोगी आहे. गुलाबी बोंडअळी पऱ्हाटीला राहिलेल्या किडक्या बोंडांत टिकून राहते, म्हणून फरदड (हंगाम संपल्यावरही तेच कापसाचे पीक पुढे राखणे) घेऊ नये आणि पऱ्हाट्यांचे ढीग शेताच्या बांधावर रचून ठेवू नयेत, असे कृषी खाते सांगत असते. यंत्राने बारीक करून ती जमिनीत मिसळणे सर्वांत चांगले. पण ज्यांना ते शक्य नाही, त्यांनी ती त्याच हिवाळ्यात बंबाखाली संपवणे हे बांधावर वर्षभर पडू देण्यापेक्षा बरे आहे. मात्र ज्यांना सरपण वखारीतून विकत घ्यावे लागेल, त्यांची बचत बरीचशी तेथेच संपते, आणि अशा घरांनी बंबाचा विचार केवळ काटकसरीसाठी करू नये.

धुराविषयी मी गंभीरपणे सांगू इच्छितो. चुलीच्या धुराने आपल्या आया-बहिणींच्या छातीचे जे नुकसान झाले ते आपण पाहिले आहे. २०१६ साली उज्ज्वला योजना सुरू झाली ती तो धूर स्वयंपाकघरातून जावा यासाठीच. तो आंघोळीच्या निमित्ताने घरात परत आणणे योग्य नाही. म्हणून बंब अंगणात किंवा मागच्या परसात, वाऱ्याची दिशा पाहून ठेवावा. न्हाणीत किंवा पडवीच्या बंद कोपऱ्यात कधीही पेटवू नये. त्यात प्लास्टिक, रंगवलेले लाकूड किंवा टायरचे तुकडे घालू नयेत. घरात दम्याचा रुग्ण असेल, तर माझ्या मते हा प्रश्न तेथेच मिटतो आणि गॅस किंवा सौर यंत्रणाच घ्यावी.

परंतु गॅस गिझर म्हणजे पूर्ण निर्धोक, असेही कोणी समजू नये. बंद न्हाणीत तो जळत राहिला की हवा अपुरी पडते आणि कार्बन मोनॉक्साइड हा वायू तयार होतो. त्याला रंग नाही, वास नाही. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो प्राणवायूपेक्षा २०० पटींहून अधिक घट्ट चिकटतो, आणि माणसाला काही कळण्याआधी गुंगी येते. थंडी वाजते म्हणून आपण खिडकी बंद करतो, आणि धोका वाढतो तो नेमका तेव्हाच. गिझर घेणाऱ्याने तो न्हाणीच्या बाहेर, मोकळ्या हवेत बसवावा आणि पाणी पाइपाने आत आणावे. निळी ज्योत पिवळी दिसू लागली तर दुरुस्ती होईपर्यंत तो वापरू नये. आंघोळ करताना डोके दुखू लागले किंवा मळमळले तर तत्काळ मोकळ्या हवेत यावे. निखाऱ्यांनाही हाच नियम लागू आहे. बंबातले निखारे शेगडीत घेऊन बंद खोलीत ऊब घेत झोपण्याची सवय कोणाच्या घरी असेल तर ती आजच सोडावी.

बंबाचे दोन दोष मला अजूनही खटकतात. पहिला म्हणजे त्याचे पाणी कढत असते, आणि रांगते मूल घरात असेल तर तोटीजवळ त्याला जाऊ देता येत नाही. बादलीत आधी गार पाणी घेऊन मग ऊन ओतावे, हा क्रम घरातल्या प्रत्येकाला लावून द्यावा लागतो. कढत पाण्याने त्वचाही कोरडी पडते, तेव्हा पाणी कोमटच ठेवावे आणि अंग टिपल्यावर थोडे खोबरेल किंवा तिळाचे तेल चोळावे. दुसरा दोष श्रमांचा आहे. पहाटे उठून जाळ करणे, राख काढणे आणि पाणी ओतत राहणे हे काम कोणाचे, हे बंब आणण्याआधी ठरले पाहिजे. घरातल्या बाईच्या कामात त्याची मुकाट्याने भर पडणार असेल, तर वाचलेले पैसे खऱ्या अर्थाने वाचलेले नाहीत. आमच्याकडे जाळ मी करतो आणि राख मोठा मुलगा काढतो.

शहरात सदनिकेत राहणाऱ्याला, दोघांच्याच कुटुंबाला किंवा सरपण नसलेल्याला मी गॅस गिझर घेण्यापासून परावृत्त करणार नाही. पण अंगण आहे, शेताशी नाते आहे, पाणी साठवून वापरावे लागते आणि घरात पाच-सहा माणसे आहेत, अशा कुटुंबाने निदान एक हिवाळा बंब वापरून पाहावा, असे मला वाटते. आमच्या घरी गिझर अजून भिंतीवर आहे आणि पावसाळ्यात, सरपण ओले असताना, आम्ही तो वापरतो. कार्तिक ते माघ मात्र बंबच पेटतो.

नवा तांब्याचा बंब महाग पडतो, पत्र्याचा स्वस्त मिळतो पण आपल्या क्षाराच्या पाण्यात लवकर सडतो. त्यामुळे नातेवाइकांच्या माळ्यावर पडून असलेला जुना तांब्याचा बंब मिळाला तर आधी तो घ्यावा. घेताना वरची झळाळी पाहू नये. जाळीच्या वरच्या भागात, जेथे जाळ सर्वाधिक लागतो, तेथे तांबे पातळ झाले आहे का हे बोटाने दाबून पाहावे, बंब पाण्याने भरून रात्रभर कोरड्या फरशीवर ठेवावा, आणि सकाळी फरशी ओली दिसली तर सांध्याला डाग देऊन (झाळून) भागेल की तळच बदलावा लागेल, हे तांबटाला विचारूनच पैसे द्यावेत. आतला पांढरा थर चिंचेचे पाणी रात्रभर भरून ठेवल्याने बराच सुटतो, त्यासाठी किंमत कमी करून मागण्याचे कारण नाही.