तालुक्याची लेडीज जिम, एका सरपंच बाईचा अनुभव

बसस्टँडच्या मागं, कृषी केंद्राच्या वरच्या मजल्यावर बायांची जिम आहे, हिवाळ्यापासून मी तिथं जाऊन राहिली म्हणून लिहिते. बोर्डावर मोठ्या अक्षरात "वजन घटवा" लिहून आहे, वजन माझं फार काही उतरलं नाही. फरक पडला तो दमात.

वर्षात निदान 4 ग्रामसभा घ्या लागतात. पहिले उभं राहून बोलायला लागली की माझा श्वास फुलायचा, घरकुलाच्या यादीवर चार लोकं एकदम ओरडले की वाक्य अर्ध्यातच तुटायचं, अन् तेवढ्यात कोणीतरी दुसराच उत्तर देऊन मोकळा! लोकांना वाटे बाईला माहितीच नाही. माहिती सगळी होती, दम पुरत नव्हता. 2011 पासून आपल्या इथं पंचायतीत अर्ध्या जागा बायांच्या आहेत, पण मागच्या सतरंजीपर्यंत आवाज जायला अंगात ताकद लागते हे निवडून आल्यावर कोणी सांगत नाही.

जिमवाल्या ताईनं पहिल्या दिवशी मशीनवर नाही चढवलं. बीपी-शुगरचा रिपोर्ट मागितला, कमरेचं माप घेतलं (आपल्याकडच्या बायांची कंबर 80 सेंटिमीटरच्या वर गेली की धोका धरतात, काटा काहीही दाखवो), मग भिंतीला हात टेकून जोर, खुर्चीवरून उठबस, पाण्याच्या बाटल्या उचलणं असं हळूहळू वाढवत नेलं. आठवड्याला 150 मिनिटं भरभर चालायचं अन् 2 दिवस ताकदीचा व्यायाम, जागतिक आरोग्य संघटनाही मोठ्या माणसाला निदान एवढं सांगते. ज्वारीची भाकर, अंबाडीची भाजी काही तोडली नाही, मीटिंगमधला आलुबोंडा अन् गोड चहा तेवढा कमी करायला लावला.

आता नाल्याच्या कामावर इंजिनियरसोबत मी बांधाबांधानं फिरते, खाली उतरून खोलीचं माप स्वतः पाहते, पहिले रस्त्यावरच थांबा लागे. मजूर बायाही आता सरळ माझ्यापाशी येऊन बोलतात.

एक सांगते, जाड बाई म्हणजे आळशी बाई असं आपल्याकडं धरूनच चालतात अन् तिचं बोलणं ऐकायच्या आधीच तिला मोजतात, हे फार वाईट आहे. थायरॉईड असते, बाळंतपणं झालेली असतात, दिवसभर वावर करून घरचंही तिलाच पाहा लागते. या जिममधी कोणी कोणाच्या अंगावरून बोलत नाही, ताई बोलूच देत नाही, म्हणून माझ्याकडून पाचपैकी चार स्टार.

एक स्टार कापला तो वेळेसाठी. बॅच फक्त सकाळी 6 ची, खेड्यातून त्या टायमाला गाडी नाही, अन् कापूस वेचणी सुरू झाली की बाया येऊच शकत नाहीत. पावडरचे डबेही काउंटरवर मांडून ठेवले आहेत, घ्या म्हणून आग्रह नाही, पण गरिबाच्या बाईला वाटते घ्याच लागते, ते आत ठेवावे. फी महिन्याची 600. संध्याकाळची बॅच निघाली तर आमच्या बचत गटातल्या बाया यायला तयार आहेत, मी ताईला बोलली, दिवाळीच्या आधी सांगते म्हणे.