8 मिमीची गोल सुई आणि ते भोक : सात महिन्यांच्या वापरानंतर

जूनमध्ये विणकामाच्या या संचाला मी दोन स्टार देऊन मोकळी झाले होते. रागात दिले होते. आज साडेतीन करतेय. उरलेला दीड स्टार कशासाठी अडवून धरलाय तेही सांगते.

संचात काय येतं ते बहुतेकांना माहीत आहे: जाड लोकरीचे 100 ग्रॅमचे चार गुंडे, वायर आणि तिला आट्यांनी जोडायची बांबूची 8 मिमीची टोकं (जोडली की झाली गोल सुई) आणि जाळीच्या स्कार्फची कृती छापलेला एक कागद. मी डिसेंबरात 1,350 रुपयांना घेतला. नाशिकच्या थंडीत हाताला काहीतरी चाळा हवा होता, आणि त्याआधी आयुष्यात मी फक्त एक अर्धवट टोपडं विणलं होतं.

पहिला गोंधळ कागदानेच घातला. त्यावर लिहिलंय, ‘सुई 11 नंबर’. मला वाटलं, सासूबाईंच्या डब्यात 11 नंबरच्या ॲल्युमिनियमच्या सुया आहेतच, आधी त्यांच्यावर हात बसवू. त्या जाड लोकरीचे दहा टाके घालताना बोटं दुखून आली. सासूबाई (मी त्यांना आईच म्हणते) म्हणाल्या, “अगं, ही काडी तीन मिमीची. हिच्यावर बाळाचे मोजे विणतात.” आपल्याकडच्या सुयांचे जुने नंबर इंग्लंडचे, नंबर वाढला की सुई बारीक. अमेरिकेत नेमकं उलटं, तिथली 11 नंबर म्हणजे 8 मिमी. कृती तिकडची उचललेली, विक्री इकडे. मिलिमीटर छापायला किती शाई लागली असती?

ते सोडलं तर कृती चांगली आहे, हे मान्य. 22 टाके घालायचे, चार ओळी सुलट. मग जाळीची ओळ: काठाचे 3 सुलट, नंतर ‘धागा पुढे, दोनाचा एक’ आठ वेळा, शेवटी परत 3 सुलट. पुढची पूर्ण ओळ सुलट. धागा पुढे घेतल्याने एक टाका वाढतो, दोनाचा एक केल्याने एक जातो, म्हणजे प्रत्येक ओळीनंतर 22 भरलेच पाहिजेत. 21 भरले तर कुठेतरी धागा पुढे घ्यायचा राहिला. उलट टाका कुठेच नाही, त्यामुळे कडा गुंडाळत नाहीत. पहिला स्कार्फ नऊ संध्याकाळींत झाला. फक्त तो एका बाजूला कलला, कारण दोनाचा एक दर वेळी त्याच दिशेला झुकतो. आता मी एका जाळीच्या ओळीत नेहमीसारखं करते आणि पुढच्या जाळीच्या ओळीत आधी मागून सुई घालून दोनाचा एक, मग धागा पुढे. स्कार्फ सरळ येतो.

आता त्या भोकाबद्दल.

वायर आणि टोक जिथे जुळतात, तिथल्या धातूच्या तुकड्याला एक बारीक आरपार भोक आहे. पहिल्या दिवसापासून ते माझ्या डोळ्यांत खुपत होतं. लोकरीचा तंतू त्यात अडकायचा, टाका तिथे येऊन थबकायचा, मी नखाने पुढे ढकलायचे. मला वाटायचं, कारखान्यात काहीतरी हुकलंय. शिवाय विणता विणता आटे सैल व्हायचे. दर दोन-तीन ओळींनी टोक पिळून घट्ट करायचं, पुन्हा ते सैल. मार्चपर्यंत हे सगळं मी ‘स्वस्तातलं आहे, चालायचंच’ म्हणून चालवून घेतलं.

मे महिन्याच्या शेवटी, सहावा स्कार्फ अर्ध्यावर असताना टोक वायरपासून सुटलं. 14 टाके घरंगळले. साधी सुलट वीण असती तर एकेक उचलून घेतले असते. जाळीत धागा पुढे घेतलेल्या टाक्याखाली टाकाच नसतो, तो सुटला की नुसतं लोंबतं. दोन तास खटपट केली आणि शेवटी सगळं उसवलं.

कस्टमर केअरचं म्हणणं, “मॅडम, हे वापरामुळे झालंय.” सुई न वापरता विणायची कशी, ते विचारलं. उत्तर म्हणून पुढच्या खरेदीवर दहा टक्क्यांचं कूपन आलं. नुसती वायर मिळत नाही, पूर्ण संच घ्या म्हणे. त्याच संध्याकाळी दोन स्टार दिले.

नंतर आठवड्याभराने आईंनी सुई हातात घेतली, चष्मा वर करून पाहिलं आणि विचारलं, “ह्या भोकात घालायला काही आलं नव्हतं का गं?” आलं होतं. वाकवलेल्या तारेचा एक तुकडा, जो मी कागदाला लावलेली पिन समजून काढला होता आणि डिसेंबरातच स्वयंपाकघरातलं कॅलेंडर अडकवायला वापरला होता. ती चावी. ती भोकात घालून वायर धरायची आणि दुसऱ्या हाताने टोक आवळायचं. त्या दिवसापासून आटे एकदाही सुटले नाहीत.

म्हणजे चूक माझी? अर्धी. कागदावर सुईचा अमेरिकेतला नंबर छापायला जागा होती, चावीसाठी एक ओळ नव्हती.

पण साडेतीन स्टार चावीसाठी नाहीत. आईंनी त्याच भोकात लाल शिवणदोरा ओवला आणि मला ओळ विणायला सांगितली. टाके सांध्यावरून वायरवर सरकत गेले तसा दोरा आपोआप सगळ्यांच्या आतून गेला. ओळ संपल्यावर दोरा भोकातून काढायचा आणि दोन्ही टोकं लांब सोडायची. पुढे काही बिघडलं तर त्या दोऱ्यापर्यंतच उसवायचं. आता दर आठ ओळींनी दोरा घालते. पुढची ओळ विणताना सुई दोऱ्यातून जाऊ द्यायची नाही, एवढंच सांभाळायचं. जे भोक मला सहा महिने खुपलं, ते या सुईचं सगळ्यात कामाचं अंग निघालं.

बाकीचं थोडक्यात. वायर ताठ असेल तर मिनिटभर गरम पाण्यात धरा, वेटोळं सुटतं. बांबूवर टाके घसरत नाहीत, नवख्या हाताला बरं. पावसाळ्यात मात्र जरा चिकटतात. लोकरीत ॲक्रिलिक जास्त आहे, मानेपाशी गोळे येतात. आणि इस्त्री टेकवू नका! वरून नुसती वाफ द्या. माझा दुसरा स्कार्फ इस्त्रीखाली असा लुळा पडला की तो आता फडताळातल्या काचेच्या भांड्यांभोवती असतो.

हिशेब: संचातल्या लोकरीचे दोन स्कार्फ, नंतर 120 रुपयांच्या आठ गुंड्यांचे आणखी चार. 2,310 रुपयांत सहा, म्हणजे एक 385 ला. हिवाळ्यात स्वेटरच्या स्टॉलवर तयार 250 ला मिळतो. यजमानांनी हे मला दोनदा ऐकवलंय, शिवाय “भोकांतून वारा येतो” हेही. निफाडच्या नणंदेने दुहेरी गुंडाळून अख्खा जानेवारी काढला, तिची तक्रार नाही.

सातवा सुईवर आहे. चावी आता लाल दोऱ्याने डब्याच्या झाकणालाच बांधलीय. कॅलेंडर मात्र खिळ्यावर तिरकं लटकतंय.