को-फाउंडर शोधायची वाय कॉम्बिनेटरची सेवा: पुण्यातून कितपत कामाची?

वाय कॉम्बिनेटर ही नव्या स्टार्टअपना पैसा आणि मार्गदर्शन देणारी अमेरिकी संस्था. तिची को-फाउंडर (कंपनी सोबत सुरू करणारा जोडीदार) मॅचिंग सेवा २०२१ पासून सुरू आहे आणि फुकट आहे. अनोळखी पण खरोखर शोधात असलेली माणसं गाठून देण्याचं काम ती नीट करते. माणूस पारखायचं काम मात्र तिच्यावर सोडू नये.

प्रोफाइलमध्ये 'पॅशनेट' वगैरे लिहिलेलं कोणी वाचत नाही. आजवर काय बनवलंय, आठवड्याला किती तास देणार, नोकरी कधी सोडणार, पगाराविना किती महिने निघतील, हे आकड्यांत लिहा. आमंत्रण स्वीकारलं गेलं तरच बोलणं पुढे सरकतं, त्यामुळे एकच मजकूर सगळ्यांना चिकटवणं वाया जातं. आठवड्याला पाच आमंत्रणं पुरेत, पण समोरच्याचं प्रोफाइल वाचून लिहिलेली.

पुण्यापुरतं शोधलं की यादी लवकर आटते. शिवाय शहराच्या दोन टोकांची हिंजवडी आणि खराडी यादीत एकच गाव! म्हणून पहिला अर्धा तास व्हिडिओ कॉलवरच उरका आणि त्यातच नोटीस पिरियड विचारा. आयटीत तो बऱ्याचदा ९० दिवसांचा असतो; 'लगेच तयार' लिहिणाऱ्यालाही. दुसरी भेट समोरासमोर हवी, पण शनिवारी सकाळी एफसी रोडवरच्या वैशाली हॉटेलात नको. टेबलासाठी माणसं डोक्यावर उभी असताना इक्विटीचं, म्हणजे कंपनीतल्या हिश्शाचं, बोलणं होत नाही.

खरी परीक्षा दोन आठवड्यांच्या कामाची. समजा, छोट्या कारखान्यांसाठी स्टॉकचं ॲप करायचंय. दोघांनी मिळून भोसरीतली पाच वर्कशॉप गाठायची आणि एक चालणारी स्क्रीन बनवायची, बस. फोन कोणी लावले, मालक 'उद्या या' म्हणाला तर दुसऱ्या दिवशी कोण गेलं, टिपणं कोणाकडे आहेत, हे बघा. चार तासांच्या गप्पांत हे कळत नाही.

मात्र या दोन आठवड्यांच्या ट्रायलचा कोड ऑफिसच्या लॅपटॉपवर लिहू नका. कॉपीराइट कायदा, १९५७ नुसार नोकरीच्या कामात लिहिलेल्या कोडचा पहिला मालक, वेगळा करार नसेल तर, कंपनी असते. वर ऑफर लेटरमधली कलमं त्याहून कडक असू शकतात. जोडीदाराचा कोड आपल्या कंपनीच्या नावे करताना लेखी करारात मुदत आणि प्रदेश दोन्ही घाला. मुदत नसली तर कायदा पाचच वर्षं धरतो, प्रदेश नसला तर फक्त भारत.

हिश्शाच्या वाटणीला चार वर्षांचं व्हेस्टिंग, म्हणजे हिस्सा एकदम न मिळता चार वर्षांत थोडाथोडा हातात येतो; आणि एक वर्षाचा क्लिफ, म्हणजे वर्षाच्या आत गेल्यास काहीच नाही. ४० टक्केवाला दहाव्या महिन्यात गेला तर शून्य, दीड वर्षानं गेला तर १५ टक्के. सेवा यातलं काही करून देत नाही. शेअरहोल्डर्स करार वकिलाकडूनच लिहून घ्यावा, आणि तो कंपनी नोंदवायच्या आधी ठरलेला बरा.