नर्सिंग शिकताना पार्टटाइम ड्यूटी शोधताय? माझे १४,५०० रुपये कसे गेले ते वाचा

नोंदणी १,५००. ड्रेस आणि बूट २,२००. 'जीडीए प्रमाणपत्र' (जनरल ड्यूटी असिस्टंट, म्हणजे रुग्णाची देखभाल करणारा मदतनीस) ४,८००. परत मिळेल म्हणून सांगितलेलं डिपॉझिट ६,०००. चार दिवसांत चार वेळा मिळून १४,५०० रुपये. एकदम मागितले असते तर मी उठून आले असते, म्हणूनच हे बनावट ब्युरोवाले तुकड्यातुकड्यांनी मागतात.

अंधेरीतला गाळा, टेबल, शिक्का, भिंतीवर हॉस्पिटलांचे फोटो. सगळं खऱ्या नर्सिंग ब्युरोसारखं, म्हणजे नर्स आणि केअरटेकर पुरवणाऱ्या एजन्सीसारखं.

मला खटकायला हवं होतं ते नेमणूकपत्र हातात आलं तेव्हाच. हुद्दा 'स्टाफ नर्स', पगार २२,०००. मी जीएनएमच्या (नर्सिंगचा डिप्लोमा) पहिल्या वर्षाला! तीन वर्षांचा कोर्स पास होऊन महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलकडे नोंदणी झाल्याशिवाय स्टाफ नर्स होता येत नाही, हे मला पाठ होतं. पत्रावर नोंदणी क्रमांकाची जागा कोरी होती. "ते नंतर भरू, मॅडम," म्हणाले, आणि मी गप्प बसले. जीडीएचा कोर्स काही महिन्यांचा असतो, परीक्षा असते. माझं प्रमाणपत्र दोन दिवसांत लॅमिनेट होऊन आलं. त्यावर प्रशिक्षणाच्या ज्या तारखा होत्या, त्या काळात मी अकाउंट्सच्या नोकरीत होते. क्यूआर स्कॅन केल्यावर ब्युरोऐवजी कुणा माणसाचं नाव आलं. तेही वाचलं, आणि चारही वेळा पिन टाकला.

शिकलेली बाई फसते कशी, असं विचारणाऱ्यांनी आधी माझं वेळापत्रक बघावं. कॉलेजचं हॉस्पिटलातलं पोस्टिंग कधी सकाळी, कधी दुपारी. दिवसाची नोकरी देणार कोण? फीचे हप्ते थांबत नाहीत. रात्री ८ ते सकाळी ८ केअरटेकरची ड्यूटी, आठवड्याला दोन रात्री, एवढंच मागत होते. ब्युरो पैसे घेतात हेही खरं आहे. फरक इतकाच की खरा ब्युरो कमिशन ड्यूटी लागल्यावर कापतो, ड्यूटीआधी खिशात हात घालत नाही.

मूळ मार्कशीट आणि लिव्हिंग सर्टिफिकेट कुणाकडेही ठेवू नका. झेरॉक्स द्या, तीवर 'फक्त नोकरीसाठी' असं लिहून तारीख टाका.

आता पोलिसांचं. घराजवळच्या ठाण्यात म्हणाले, ऑफिस अंधेरीत, तिकडे जा. तिकडे म्हणाले, पैसे ऑनलाइन गेले, सायबरला जा. सायबरवाल्यांनी विचारलं, तुम्ही स्वतः ऑफिसात जाऊन दिलेत ना, मग यात सायबर काय? बँकेचं उत्तर, पिन तुम्हीच टाकलात. कॉलेज बुडवून तीन दिवस बाकड्यांवर बसले, लोकलचे धक्के खाल्ले आणि प्रत्येक टेबलावर तीच हकीकत पहिल्यापासून सांगितली. एका हवालदाराने तर "एवढ्याशा रकमेसाठी?" असं तोंडावर विचारलं. माझ्यासाठी ती दोन महिन्यांची फी आहे! हद्दीचं कारण देऊन तक्रार नाकारता येत नाही. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ प्रमाणे दखलपात्र गुन्ह्याची माहिती कुठल्याही ठाण्यात देता येते. त्यालाच झिरो एफआयआर म्हणतात. हे मला तिसऱ्या दिवशी कळलं. तुम्ही पहिल्याच टेबलावर सांगा, आणि लेखी अर्जाच्या प्रतीवर पोच घेतल्याशिवाय उठू नका.

काम हवं असेल तर नर्सिंग होमच्या मेट्रनना (नर्सेसच्या प्रमुख) थेट भेटा. रिसेप्शन, बिलिंग, पॅथॉलॉजी लॅबचा काउंटर ही कामं विद्यार्थ्याला चालतात. केअरटेकर म्हणून गेलात तर घरी इंजेक्शन, सलाईन लावायला सांगतील. नोंदणी नसताना हात लावू नका. ड्यूटी कुठल्या हॉस्पिटलात ते विचारा आणि तिथल्या नर्सिंग ऑफिसात जाऊन खात्री करा. मी ते केलं डिपॉझिट भरल्यानंतर. तिथे ब्युरोचं नाव कुणी ऐकलंच नव्हतं.

आणि पैसे गेलेच असतील तर त्याच तासाला १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन लावा. यूपीआय ॲपमध्ये व्यवहार उघडला की १२ आकडी यूटीआर (व्यवहाराचा क्रमांक) दिसतो, तो आधी कागदावर उतरवून घ्या. मी पाचव्या दिवशी फोन केला, तोवर त्या खात्यात काहीच उरलं नव्हतं.